क्लासिक कंट्री युगलगीतांचे संकलन ऐकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील कंट्री संगीताची जुनी युगलगीते ऐकू लागलेल्या श्रोत्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा विस्तार दुसरीकडे केला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘क्लासिक कंट्री ड्युएट्स’ अशा नावाच्या संकलनात साधारण कोणत्या काळातली गाणी असतात?

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची. एका टोकाला रेड फोली आणि किटी वेल्स यांचे १९५४ सालचे ‘वन बाय वन’ असते, तर दुसऱ्या टोकाला केनी रॉजर्स आणि डॉली पार्टन यांचे १९८३ सालचे ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’. संकलनाचा मुख्य भार मात्र १९६७ ते १९७६ या काळावर असतो. पोर्टर वॅगनर आणि डॉली पार्टन, जॉनी कॅश आणि जून कार्टर, कॉन्वे ट्विटी आणि लोरेटा लिन, जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या चारही जोड्यांची महत्त्वाची गाणी याच दहा वर्षांतली आहेत, आणि त्यांतली बहुतेक टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या एकाच शहरात ध्वनिमुद्रित झाली. कंट्री म्युझिक असोसिएशनने १९७० पासून गायक-जोडीसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. युगलगीत हा हौशी जोडप्रकार न राहता धंद्यातला एक भक्कम विभाग झाला होता, हे त्यावरून दिसते.

२. दोघे एकाच वेळी वेगवेगळे सूर लावतात, ते कानाला विचित्र वाटते. ते नेमके काय करतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो रास्तही आहे. मराठी किंवा हिंदी चित्रपटातील युगलगीतात गायक आणि गायिका बहुधा आळीपाळीने ओळी गातात, आणि एकत्र आले की एकच चाल एकाच सुरात किंवा एका सप्तकाच्या अंतराने गातात. कंट्री गायनात तसे होत नाही. मूळ चाल एक जण गातो आणि दुसरा आवाज तिच्यापासून ठराविक अंतर राखून, बहुधा वरच्या बाजूने, समांतर चालतो. पहिला आवाज षड्जावर असेल तर दुसरा गंधारावर, पहिला गंधारावर गेला की दुसरा पंचमावर, असा हा साधारण हिशेब असतो. चालीच्या वरच्या या आवाजाला तेथील गायक ‘टेनर’ म्हणतात; तो स्त्रीचा असला तरीही.

कान तयार करण्याचा एक साधा मार्ग आहे. गाणे पहिल्यांदा ऐकताना फक्त मूळ चालीवर लक्ष ठेवावे. दुसऱ्यांदा मूळ चाल मुद्दाम बाजूला सारून दुसरा आवाज स्वतः गुणगुणण्याचा प्रयत्न करावा. तो आवाज एकटा गुणगुणला तर अर्धवट, कुठेही न पोहोचणारा वाटतो, आणि जोडीने ऐकला की त्याची जागा कळते.

यापुढे जाऊन आणखी एक गोष्ट पाहावी, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकाराची किल्ली तिथेच आहे: कोणती ओळ एकट्याने गायली आहे आणि कोणती दोघांनी मिळून? एकट्याच्या ओळीत तक्रार, आठवण किंवा सबब असते. दोघांच्या ओळीत, म्हणजे बहुधा ध्रुवपदात, ज्यावर दोघांचे एकमत आहे ते येते. अनेकदा हे एकमत ‘आपले आता जमत नाही’ एवढ्यावरच असते, आणि तेवढी गोष्ट मात्र दोघे अतिशय जुळलेल्या स्वरांत सांगतात.

३. स्त्री आणि पुरुष यांची पट्टी वेगळी असते. मग एका गाण्यात दोघांची सोय कशी लावतात?

तडजोडीने. पुरुषाला सोयीची असलेली पट्टी स्त्रीला फार खाली पडते आणि तिला सोयीची असलेली त्याला फार वर जाते. त्यावर तीन उपाय दिसतात. पहिला, पुरुषाने त्याच्या पट्टीत मूळ चाल गावी आणि स्त्रीने वरचा आवाज सांभाळावा. पोर्टर वॅगनर आणि डॉली पार्टन यांची बरीच गाणी अशी आहेत. दुसरा, कडव्यांच्या मध्ये पट्टीच बदलावी. तिसरा, दोघांपैकी एकाने किंचित अडचणीच्या जागेत गावे. हा तिसरा उपाय नाइलाजाचा दिसला तरी त्यातून काही वेळा उत्तम गाणे निघते, कारण आवाजावर पडणारा ताण आशयाला साजेसा असतो.

४. सुरुवात कोणत्या जोडीपासून करावी?

संकलन पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकण्याची सक्ती करून घेऊ नये. दहा गाण्यांनंतर सगळे एकसारखे वाटू लागते, आणि तो दोष ऐकणाऱ्याचा नसतो. जोडीनिहाय ऐकावे. आधी कॉन्वे ट्विटी आणि लोरेटा लिन घ्यावेत, कारण त्यांचे दोन आवाज सहज वेगळे ओळखू येतात आणि गाण्यांमधली परिस्थिती स्पष्ट असते. १९७१ ते १९७५ या काळात त्यांची पाच युगलगीते लागोपाठ कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. ‘आफ्टर द फायर इज गॉन’ हे त्यांतले पहिले, आणि त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. त्यानंतर जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांच्याकडे वळावे. भावांच्या जोड्या (प्रश्न ८) शेवटी ऐकाव्यात. त्या कालक्रमाने आधीच्या असल्या तरी कानाला अधिक अवघड आहेत.

५. ही सगळी जोडपी प्रत्यक्षातही पती-पत्नी होती का?

नाही. चार प्रमुख जोड्यांचे चार वेगळे प्रकार आहेत.

जॉनी कॅश आणि जून कार्टर यांचा विवाह १ मार्च १९६८ रोजी झाला. त्यांचे सर्वांत गाजलेले ‘जॅक्सन’ हे गाणे त्याआधीचे, १९६७ सालचे आहे. म्हणजे लग्नाला कंटाळलेल्या जोडप्याचे ते गाणे दोघांनी एकमेकांशी लग्न होण्यापूर्वीच गायले होते. जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट १९६९ ते १९७५ पती-पत्नी होते. त्यांच्याविषयी पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे. कॉन्वे ट्विटी आणि लोरेटा लिन यांचे संसार वेगळे होते. ते एकमेकांचे मित्र आणि व्यवसायातले भागीदार होते, पण गाण्यातली जवळीक ऐकून श्रोते त्यांना जोडपेच समजत. ‘लुइझियाना वूमन, मिसिसिपी मॅन’ या गाण्यापुरते सांगायचे तर कॉन्वे खरोखरच मिसिसिपीचे होते. लोरेटा मात्र केंटकीतल्या खाणकामगाराच्या कन्या.

पोर्टर वॅगनर आणि डॉली पार्टन यांचे नाते मालक आणि सहगायिका असे होते. पोर्टर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात डॉली १९६७ मध्ये नॉर्मा जीन यांच्या जागी आल्या आणि १९७४ मध्ये बाहेर पडल्या. पोर्टर यांचा निरोप घेण्यासाठी डॉली यांनी लिहिलेले ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हे प्रेमगीत म्हणून जगभर गेले. ते युगलगीत नाही, पण या जोडीची गाणी ऐकल्यावर ते ऐकले की त्याचा रोख वेगळाच कळतो. पुढे दोघांमध्ये न्यायालयीन दावा झाला, तो आपसांत मिटला, आणि १९८० मध्ये दोघांची आणखी एक ध्वनिमुद्रिका आली.

६. घटस्फोटानंतरही जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट एकत्र का गात राहिले?

व्यवहार म्हणून पाहिल्यास उत्तर सोपे आहे: दोघेही एपिक या एकाच कंपनीकडे होते, दोघांचा निर्माता बिली शेरिल हा एकच होता, आणि त्यांच्या जोडीच्या गाण्यांना मागणी होती. १९७५ मध्ये घटस्फोट झाला, आणि १९७६ मध्ये ‘गोल्डन रिंग’ आणि त्यामागोमाग १९७७ मध्ये ‘निअर यू’ ही दोन गाणी पहिल्या क्रमांकावर पोहोचली. एकत्र असताना त्यांचे एकच युगलगीत, १९७३ सालचे ‘वुई आर गोना होल्ड ऑन’, तिथपर्यंत गेले होते.

पण केवळ व्यवहाराने ‘गोल्डन रिंग’चे स्पष्टीकरण होत नाही. बॉबी ब्रॅडॉक आणि रेफ व्हॅन हॉय यांनी लिहिलेले हे गाणे एका अंगठीची गोष्ट सांगते. शिकागोतल्या एका गहाणवट्याच्या दुकानातून एक तरुण जोडपे ती विकत घेते, लग्न करते, भांडते, आणि अंगठी पुन्हा दुकानात येऊन पडते. गाणे तृतीयपुरुषी आहे; गाणारे दोघे स्वतःविषयी एक शब्दही बोलत नाहीत. गोष्ट तटस्थपणे, गिटारच्या हलक्या चालीवर सांगितली जाते, आणि सांगणारे कोण आहेत हे त्या काळच्या प्रत्येक श्रोत्याला माहीत होते. जॉर्ज जोन्स शब्द दातांमागे धरून ठेवतात आणि सूर खालून वर आणतात. टॅमी वायनेट यांचा आवाज शांत सुरू होतो आणि ओळीच्या शेवटाकडे फुटल्यासारखा वर जातो. शेरिल यांनी या दोन सवयींना आवर घातला नाही. संकलनातले एकच गाणे तीनदा ऐकायचे असेल, तर ते हे असावे.

त्यानंतरही दोघे अधूनमधून एकत्र येत राहिले. १९९५ सालची ‘वन’ ही त्यांची शेवटची एकत्रित ध्वनिमुद्रिका ठरली.

७. या गाण्यांत सतत विवाहबाह्य संबंध, दारू आणि घटस्फोट का असतात? आणि मधूनच विनोदी भांडणे कशी येतात?

कंट्री संगीताचा श्रोता प्रौढ, कष्टकरी आणि बहुधा विवाहित होता. त्याला पहिल्या भेटीच्या गाण्यांपेक्षा लग्नाच्या बाराव्या वर्षाची गाणी जवळची वाटत. शिवाय युगलगीतात दोन्ही बाजू हजर असल्यामुळे दोष एकावर ढकलता येत नाही. ‘आफ्टर द फायर इज गॉन’ मधली दोन माणसे आपापल्या संसारातला जिव्हाळा विझल्यावर एकमेकांकडे वळलेली आहेत. गाणे त्यांची बाजू घेत नाही आणि त्यांना शिक्षाही सुनावत नाही.

विनोदी गाणी हा त्याच परिस्थितीचा दुसरा आविष्कार आहे. ‘जॅक्सन’ मध्ये नवरा शहरात जाऊन मजा मारण्याच्या बढाया मारतो आणि बायको प्रत्येक बढाईतली हवा काढून घेते. तमाशातला सवाल-जवाब ऐकलेल्या श्रोत्याला हे गाणे कोणी समजावून सांगावे लागत नाही. मात्र एक फरक आहे. सवाल-जवाबात शेवटी कोणीतरी हरते. येथे दोघे ध्रुवपदात एकत्र येतात आणि भांडण तसेच पुढे चालू राहते. कॉन्वे आणि लोरेटा यांचे मुलांच्या कुरूपपणाचे खापर एकमेकांवर फोडणारे १९७८ सालचे गाणेही याच जातीचे आहे. ते मला थोडे ओढूनताणून केलेले वाटते.

८. स्त्री-पुरुष युगलगीतांच्या संकलनात दोन भावांची गाणी कशासाठी?

कारण दोन स्वरांच्या या गायनाची पद्धत त्यांच्याकडून आली. १९३० च्या दशकात डेल्मोर ब्रदर्स आणि मन्रो ब्रदर्स यांसारख्या भावांच्या जोड्या रेडिओवर गात असत. दोन आवाज, दोन वाद्ये आणि एक मायक्रोफोन, एवढाच पसारा. एका घरात वाढलेल्यांचे उच्चार, स्वर लांबवण्याची रीत आणि श्वासाची जागा मुळातच जुळलेली असे.

अलाबामातले लूव्हिन ब्रदर्स हे या परंपरेचे टोक आहे. थोरले आयरा मँडोलिन वाजवत आणि वरचा आवाज गात. धाकटे चार्ली गिटारवर मूळ चाल सांभाळत. मात्र गाण्याच्या मध्येच, कधी एकाच ओळीत, ते आपापल्या जागा अशा बदलत की वरचा आवाज कोणाचा हे सांगता येत नाही. १९५६ मध्ये त्यांचे ‘आय डोन्ट बिलीव्ह यू हॅव मेट माय बेबी’ पहिल्या क्रमांकावर गेले. १९६३ मध्ये जोडी फुटली आणि १९६५ मध्ये आयरा मोटार अपघातात मरण पावले. केंटकीत मुळे असलेल्या एव्हर्ली ब्रदर्सनी हीच रीत रॉक अँड रोलमध्ये नेली, त्यामुळे त्यांचे ‘बाय बाय लव्ह’ (१९५७) कंट्री आणि पॉप दोन्ही संकलनांत सापडते.

९. गाण्यात मागे रडल्यासारखा, घसरत जाणारा आवाज असतो. ते कोणते वाद्य?

पेडल स्टील गिटार. हे वाद्य आडवे ठेवलेले असते. डाव्या हातातला धातूचा दांडा तारांवरून सरकवतात, उजव्या हाताने तारा छेडतात, आणि पाय व गुडघे यांनी पेडल व तरफा दाबून वाजवतानाच तारांचा सूर बदलतात. त्यामुळे एक सूर स्थिर राहून दुसरा त्याच्याकडे घसरत येऊ शकतो. याचा पूर्वज हवाईयन गिटार. तिचा आवाज जुन्या हिंदी चित्रपटगीतांमुळे आपल्या कानांवर आहे. दोन गायकांच्या ओळींमधल्या मोकळ्या जागेत हे वाद्य तिसऱ्या आवाजासारखे बोलते, म्हणून ते तिथे मुद्दाम ऐकावे.

१०. काही गाण्यांत व्हायोलिनांचा ताफा आणि मागे कोरस असतो. ते खरे कंट्री मानावे का?

मानावे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आर. सी. ए. कंपनीचे चेट ॲटकिन्स आणि डेका कंपनीचे ओवेन ब्रॅडली यांनी फिडल (म्हणजे लोकसंगीताच्या शैलीत वाजवलेले व्हायोलिन) आणि बँजो मागे सारून पियानो, तंतुवाद्यवृंद आणि मऊ कोरस पुढे आणला. ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणतात तो हाच. रॉक अँड रोलमुळे गमावलेला श्रोता परत मिळवणे हा उद्देश होता. काही गाण्यांत हा साज अती होतो, हे खरे. पण दोन चांगले आवाज त्याखाली दडपले जात नाहीत.

११. गाणे मध्येच थांबते आणि गायक बोलू लागतो. हा प्रकार काय आहे?

हे पठण कंट्री संगीतात जुने आणि प्रतिष्ठित आहे. बिल अँडरसन आणि जॅन हॉवर्ड यांचे १९६७ सालचे ‘फॉर लव्हिंग यू’ हे जवळजवळ संपूर्ण बोललेले आहे, तरी ते पहिल्या क्रमांकावर होते. कॉन्वे आणि लोरेटा यांच्या ‘ॲज सून ॲज आय हँग अप द फोन’ (१९७४) मध्ये लोरेटा गातात आणि कॉन्वे टेलिफोनच्या पलीकडून फक्त बोलतात. प्रश्न २ मध्ये सांगितलेली ‘एकटा की दोघे’ ही कसोटी येथे लावून पाहावी: हे दोघे एकत्र गात नाहीत, आणि नाते संपल्याचे कळायला तेवढे पुरते.

१२. जिम रीव्ह्ज आणि पॅट्सी क्लाइन यांचे युगलगीत १९८१ सालचे आहे, पण दोघेही त्याआधीच वारले होते. हे कसे?

पॅट्सी क्लाइन मार्च १९६३ मध्ये आणि जिम रीव्ह्ज जुलै १९६४ मध्ये विमान अपघातात मरण पावले. दोघे वेगवेगळ्या कंपन्यांकडे होते. ‘हॅव यू एव्हर बीन लोनली’ हे गाणे दोघांनी स्वतंत्रपणे गायलेले होते. मूळ फितींवर आवाज आणि वाद्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर असल्यामुळे केवळ आवाज उचलता आले, आणि ते नव्या वाद्यसाथीवर एकत्र बसवण्यात आले. गोव्यातील आणि वसई-मुंबईतील ख्रिस्ती घरांत जिम रीव्ह्ज यांचा आवाज नाताळच्या गाण्यांमुळे ओळखीचा आहे; तिथल्या अनेकांना हे गाणे माहीत असते, त्यामागची ही कारागिरी मात्र नसते. १९८९ मध्ये हँक विल्यम्स ज्युनियर यांनीही १९५३ मध्ये वारलेल्या वडिलांच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर आपला आवाज चढवून युगलगीत केले. अशा गाण्यांत एक जण दुसऱ्याला प्रतिसाद देऊ शकत नाही, आणि ते ऐकू येते.

१३. म्हणजे हयात गायकांची गाणी तरी खरोखर एकत्र गायलेली असतात ना?

नेहमी नाही. वेलन जेनिंग्ज आणि विली नेल्सन यांचे ‘गुड हार्टेड वूमन’ १९७६ मध्ये गाजले ते जाहीर मैफलीचे ध्वनिमुद्रण म्हणून. प्रत्यक्षात मैफल एकट्या जेनिंग्ज यांची होती आणि नेल्सन यांचा आवाज नंतर काही ओळींवर बसवलेला आहे. हे गाणे ज्या ‘वाँटेड! द आउटलॉज’ मध्ये आले, ते स्वतःच जुन्या ध्वनिमुद्रणांचे संकलन होते, आणि प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळवणारी ती पहिली कंट्री ध्वनिमुद्रिका ठरली. यामुळे गाणे कमी प्रतीचे ठरत नाही.

१४. माझ्या संकलनात कॉन्वे-लोरेटा आहेत, पण जॉर्ज-टॅमी नाहीत. संकलन अपूर्ण आहे का?

बहुधा कारण हक्कांचे असते. एपिक, कोलंबिया आणि आर. सी. ए. या कंपन्यांची जुनी ध्वनिमुद्रणे आज सोनीकडे आहेत. डेका आणि एम. सी. ए. यांची युनिव्हर्सलकडे. म्हणून एकाच कंपनीने काढलेल्या संकलनात जॉर्ज-टॅमी, जॉनी-जून आणि पोर्टर-डॉली एकत्र भेटतात, तर कॉन्वे-लोरेटा दुसरीकडे. चारही जोड्या हव्या असतील तर दोन संकलने घेणे किंवा स्वतःची यादी बनवणे हा सरळ मार्ग आहे.

१५. गाणे तेच आहे, गायक तेच आहेत, पण पूर्वी ऐकलेले हे नव्हे असे वाटते. असे का?

ते नंतर पुन्हा गायलेले असू शकते. कंपनी बदलल्यावर जुन्या ध्वनिमुद्रणाचे हक्क सोबत नेता येत नसत, म्हणून अनेक कलाकारांनी आपलीच गाजलेली गाणी स्वस्त संकलनांसाठी पुन्हा गायली. वेष्टनावर किंवा यादीत बारीक अक्षरांत ‘पुनर्ध्वनिमुद्रित’ अशा अर्थाची सूचना आहे का ते पाहावे. मूळ कंपनीचे नाव आणि वर्ष दिलेले नसल्यास संशय घ्यावा. कानाने ओळखायचे तर आवाज वयस्कर, ढोल अधिक ठळक आणि पट्टी किंचित खाली उतरलेली आढळते.

१६. ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’ बी जीज यांनी लिहिले. मग ते कंट्री कसे?

बी जीज या पॉप गटातील गिब बंधूंनी ते लिहिले हे खरे, आणि १९८३ मध्ये ते कंट्री व पॉप या दोन्ही याद्यांत पहिले होते. ते पॉप गाणे आहे, असे माझे मत आहे. संकलनात त्याला जागा मिळते ती गायकांमुळे: केनी रॉजर्स याआधी डॉटी वेस्ट यांच्यासोबत कंट्री युगलगीते गाजवून आले होते, आणि डॉली पार्टन यांची उमेदवारी तर पोर्टर यांच्याकडे झाली होती (प्रश्न ५). दोघे एकत्र आल्यावर डॉली वरचा आवाज किती सहज उचलतात, तेवढ्यासाठी ऐकावे.

१७. नाव एकाच गायकाचे आहे, पण गाणे ऐकताना दोन आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहेत. याला युगलगीत म्हणायचे का?

नावापेक्षा कानावर विश्वास ठेवावा. ग्रॅम पार्सन्स यांच्या ‘जी. पी.’ (१९७३) आणि त्यांच्या मृत्यूनंतर आलेल्या ‘ग्रीव्हस एंजल’ (१९७४) या ध्वनिमुद्रिका त्यांच्या एकट्याच्या नावावर आहेत. त्यांतल्या अनेक गाण्यांत मात्र एमिलू हॅरिस यांचा आवाज साथीपुरता नाही. पार्सन्स यांचा सूर डळमळतो तिथे त्या तो धरून ठेवतात. ‘लव्ह हर्ट्स’ मध्ये दोघांची चाल इतकी बरोबरीने जाते की एक आवाज काढून घेतला तर गाणे उरत नाही. काही संकलक अशी गाणी घेतात, काही नियमावर बोट ठेवून वगळतात. संकलनात ती नसतील, तर पार्सन्स यांच्या नावाखाली शोधावीत.